पलीकडून हात कोणी धरला?

चार माणसं रोज एका खोलीत बसली की किस्से साठतातच. बँकेत साठतात, पोलीस स्टेशनात साठतात, अंगणवाडीत तर पोत्यानं साठतात. पण बाकीच्यांचे किस्से ऐकणाराही हसतो आणि सांगणाराही हसतो. आमच्या लॅबचं तसं नाही. आमचे किस्से सांगताना माझी मान खाली जाते! मैत्रिणी म्हणतात, "सोनाली, तो सासऱ्याचा सांग ना!" मी म्हणते, "नको गं बाई, लाज वाटते." आणि मग सांगतेच. लाज वाटते तरी सांगावंसं वाटतं, ह्या रोगाला काय म्हणतात कोण जाणे.

आधी लॅब काय आहे ते सांगते, नाहीतर मधेच विचाराल. संगमनेरपासून थोडं आत आमचं विद्यापीठ. त्याच्या पार टोकाला, कँटीनच्या मागे, दोन खोल्यांची आमची स्पर्श प्रयोगशाळा. स्पर्शाचं तंत्रज्ञान, म्हणजे हॅप्टिक्स. मोबाईल खिशात थरथरतो ना, तसलंच, पण जास्त शहाणं. आम्ही सिलिकॉनचे दोन हात बनवलेत, आत मोटारी आणि सेन्सर. एका खोलीत तुम्ही एक हात दाबायचा, की दुसऱ्या खोलीतला हात तिथल्या माणसाचा हात तस्साच दाबतो. जितका जोर, तितकाच. आम्ही त्याला पंजा म्हणतो.

लॅबचे प्रमुख गाडेकर सर. निलोफर नगरची, मोटारी आणि वायरिंग तिच्याकडे. प्रशांत शेवगावचा, सॉफ्टवेअर त्याचं. मी गावोगाव फिरून माणसं गोळा करते, कारण सरांच्या मते मला "बोलायची सवय आहे". सरांचं म्हणणं असं, की प्रत्येक माणसाची हात धरायची रीत वेगळी असते आणि आपल्या माणसाचा हात पंज्यातूनसुद्धा ओळखू येतो. पोरगं पुण्यात, आई गावात, तरी हात हातात! ह्या एका वाक्यावर सरांनी उमेदीची वर्षं घातली. आता सर रिटायर व्हायला आलेत, विद्यापीठाला आमच्या खोल्या स्पर्धा परीक्षा केंद्रासाठी हव्यात, आणि पुण्याची कमिटी बघायला येणार असं सारखं कानावर यायचं. कमिटी नाही म्हणाली तर लॅब बंद, सरांचं काम माळ्यावर. हे डोक्यावर टांगलेलं असताना आम्ही काय काय उद्योग केले, ते ऐका.

*

पहिला पंजा घेऊन आम्ही बचत गटाच्या बायकांकडे गेलो. समाजमंदिरात सतरंजी टाकली, पंजा मध्ये ठेवला. पहिल्या मावशी समोर बसल्या, पण हात काही पुढे करेनात.

"काय झालं मावशी? करंट नाही लागत हो."

"करंटचं न्हाई गं," त्या हळूच म्हणाल्या. "हिच्या हातात बांगड्या कामून न्हाईत? काय झालं हिचं?"

झालं! सगळ्या बायका पंज्याकडे अशा बघायला लागल्या, की आता कुणीतरी डोळ्याला पदर लावणार. दोघी-तिघींनी तर "च्च, च्च" केलंसुद्धा. त्या दिवशी एकही बाई पंज्याला शिवली नाही.

निलोफर मोठी हुशार. पुढच्या खेपेला तिनं हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्या आणि पंज्याला मनगटभर भरल्या. एक फुटली तर "वाढवली" म्हणायचं, हेही तिला पाठ. बायका खूश! भराभर बसल्या, पलीकडचा हात कोणाचा ते भराभर सांगितलं, आणि काय सांगू, उत्तरं सगळी बरोबर! आम्ही हवेत. सरांना फोन केला. सर स्वतः गाडी काढून बघायला आले. पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "सोनाली, डोळे मीट आणि ऐक."

पलीकडून नवऱ्यानं पंजा दाबला की बांगड्या खळ्ळकन वाजायच्या. शेजारणीच्या नवऱ्यानं दाबला की नुसत्या किणकिण. बायका कानानं ओळखत होत्या!

"आपण स्पर्श मोजतोय की बांगड्या?" सर म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

पण लाज ती नव्हे. लाज पुढे आहे. शेवटचा नंबर तारामावशींचा होता. त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत, तो रविवारची सुट्टी म्हणून मुद्दाम आला होता. त्या समोर बसल्या, पंज्याच्या बांगड्या बघितल्या आणि आपला मोकळा हात पदराखाली घेतला. "माझं ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाल्या. मावशींचे मालक गेलेत हे मला ठाऊक होतं. यादी मीच केली होती की! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निलोफरनं पंज्याच्या बांगड्या काढायला घेतल्या, तर त्या निघेनात. मग बादली मागवली, साबण मागवला, आणि आम्ही दोघी भर समाजमंदिरात सिलिकॉनच्या हाताला साबण चोळत बसलो.

तेवढ्यात तारामावशी पुढे सरकल्या, पंजा आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "हळू गं पोरींनो, लागंल की तिला!"

*

गाडेकर सर म्हणजे हाताची घडी. उन्हाळा असो, पाऊस असो, लेक्चर असो, लग्न असो, घडी सुटायची नाही. स्पर्शाचा एवढा मोठा अभ्यासक, पण कुणाच्या पाठीवर थाप मारलेली आम्ही पाहिली नाही. कुणी पाया पडायला वाकलं तर चार पावलं मागे सरकतात.

त्यांचं क्वार्टर लॅबच्या समोरच, मैदानापलीकडे. दुपारी काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, डबा घेऊन येतात आणि लॅबच्या खिडकीत ठेवून जातात. आत येत नाहीत. आम्ही म्हणायचो, "काकू, या की आत." काकू म्हणायच्या, "नको गं, ह्यांचं काम चालू असतं."

एका खंडेनवमीला निलोफरच्या मनात आलं, यंत्रांची पूजा काकूंच्या हातून करायची. सर मीटिंगला गेले होते. काकू नको नको म्हणत आल्या, पण आल्या तशा मनापासून केलं. लॅपटॉपला फूल, सोल्डरिंग गनला फूल, मल्टिमीटरला फूल. आणि पंज्याला तर तळहातावर, पाची बोटांवर, हळदीकुंकवाची नीट बोटं ओढली. वर अक्षता टाकल्या. पंजा एवढा सुंदर दिसत होता, की प्रशांतनं त्याचा फोटो स्टेटसला टाकला.

दुसऱ्या दिवसापासून पंजा वेडा झाला. कोणी हात लावला नाही तरी दाबायचा. हात लावला तर सोडायचा नाही. पोरांनी अफवा उठवली की लॅबमध्ये भूत आहे! निलोफरनं शेवटी सिलिकॉन उघडलं, तर सेन्सरच्या फटीत ओलं कुंकू आणि तांदळाचे दाणे.

सर तापले. आणि तापायचं आमच्यावर, तर नेमक्या काकू डबा ठेवायला खिडकीशी आलेल्या. "कळत नाही तिथे हात लावायचा नाही, एवढं साधं कळत नाही?" असं सर काकूंना सगळ्यांसमोर म्हणाले. आम्ही तिघं जमिनीकडे बघत उभे. बोलावलं आम्ही, फुलं आणली आम्ही, आणि बोलणी खाल्ली त्या माउलीनं. "सर, आम्हीच..." असं निलोफर म्हणायला गेली, तर सरांनी हातानंच थांबवलं.

काकूंनी डबा खिडकीत ठेवला. झाकण नीट बसवलं. मग म्हणाल्या, "तुमच्या यंत्राला हात लागलेला कळतो, हे मला कुठं माहीत होतं!"

*

आता सासऱ्याचा. मैत्रिणींचा लाडका, माझा नावडता.

शेवगावकडचं गाव. प्रशांतच्या मावशीचं, म्हणून मोठ्या विश्वासानं लोकांनी दार उघडलेलं. मारुतीच्या देवळामागे शाळेच्या दोन खोल्या मिळाल्या. एका खोलीत बायका, एका खोलीत पुरुष. पलीकडे कोण आहे हे अलीकडच्याला सांगायचं नाही, हा प्रयोगाचा नियम. जोड्या कॉम्प्युटर लावणार. रँडम!

एक नवी सून बसली. लग्नाला वर्षही झालं नसेल. नवरा पलीकडच्या खोलीत गेलेला तिनं पाहिला होता, त्यामुळे गालातल्या गालात हसत होती. पंजा दाबला गेला. तिनं उलट दाबला. परत दाबला गेला. तिनं जरा जास्तच दाबला, आणि अंगठ्यानं हळूच गुदगुल्या केल्या. आम्ही ग्राफ बघून खूश. असला जिवंत डेटा मिळाला नव्हता!

आणि पलीकडच्या खोलीतून खोकला आला.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं हात असा ओढला की टेबल हललं. डोक्यावर पदर ओढून म्हणाली, "अगं बया! मामंजी!" आणि पळाली ती थेट घरी.

मी पलीकडच्या खोलीत धावले. तिथे तिचे सासरे पंज्यासमोर बसले होते, आपला हात दुसऱ्या हातात धरून. भाजल्यासारखा. खोकला ऐकून कोण पळालं हे त्यांना खिडकीतून दिसलंच होतं. ज्या घरात सून सासऱ्यासमोर उघड्या डोक्यानं जात नाही, तिथे आम्ही काय करून बसलो होतो! एरवी त्या गावात लहान पोरालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की असली जोडी लावू नका. आम्हीही काही लंडनहून आलेलो नव्हतो. मी श्रीरामपूरची, प्रशांत तर तिथल्याच मातीतला. पण कॉम्प्युटरसमोर बसलं की आपण कुठले ते विसरायला होतं.

सर आले, हाताची घडी घालून माफी मागितली. प्रशांत रडवेला होऊन म्हणाला, "मामा, चूक झाली. कॉम्प्युटरला नाती कळत नाहीत हो."

म्हातारा उठून दारापर्यंत गेला आणि वळला.

"त्याला न्हाई कळत, ठीक हाय," तो म्हणाला. "तुला कळत्यात ना? मंग आता सांग, मी घरी कुटल्या दारानं जाऊ?"

*

निवडणुकीचे दिवस होते. श्रीरामपूर रस्त्यावर नाक्याला आमची गाडी अडवली. भरारी पथक. साहेब एरवी कुठल्या तरी शाळेत गणित शिकवणारे, ड्युटी लागली म्हणून कडक झालेले. "डिकी उघडा."

उघडली. आत दोन हात. बोटं पसरून, तळवे समोर.

एका पक्षाचं चिन्ह काय आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! चार शिकलेली माणसं, आणि एकालाही सुचू नये?

"प्रचार साहित्य," साहेब म्हणाले आणि वही काढली.

"संशोधन आहे," सर म्हणाले.

"सगळे तसंच म्हणतात. परवा एकजण साड्यांना संशोधन म्हणाला."

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी साहेबांना दया आली. "बोटं मिटता येतात का ह्यांची? मग मिटवा आणि न्या. झाकली मूठ सव्वा लाखाची." प्रशांतनं बॉनेटवर लॅपटॉप ठेवून दोन्ही पंजे मिटवले. गणित सुटल्यासारखे साहेब खूश. आम्हीही.

पण प्रशांतच्या सॉफ्टवेअरमध्ये एक नियम आहे. बॅटरी संपत आली की पंज्यानं आपोआप उघडायचं, म्हणजे कोणाचं बोट अडकायला नको. चांगला नियम आहे. सरांनीच घालायला लावला होता. गावात पोचलो, चौकात गाडी लावली, दोन्ही पंजे टपावर काढून ठेवले आणि सर सरपंचांना नमस्कार करायला वळले. समोरून दुसऱ्या पक्षाची रॅली आली. ढोल, गुलाल, उघडी जीप. आणि नेमकं तेव्हाच टपावर दोन्ही मुठी, सावकाश, एकेक बोट करत, उघडल्या.

ढोल थांबला. जीपमध्ये पुढे सरांचा जुना विद्यार्थी उभा होता, गळ्यात हार घालून. तो खाली उतरला, सरांजवळ आला. सर चार पावलं मागे सरकले, तरी वाकून पाया पडला आणि फार दुखावलेल्या आवाजात म्हणाला,

"सर, निदान तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती!"

*

एक किस्सा मात्र असा, की तेव्हा आम्हाला वाटलं, पंजा खरंच चालतो.

एका वस्तीवर दोन भाऊ. बांधावरून कोर्टात गेलेले, एकमेकांचं तोंड बघत नव्हते. सासऱ्याच्या प्रकरणानंतर मी जोड्या आधीच विचारून लावत होते. पण अनोळखी माणूस म्हणून कुणीतरी पलीकडे बसवावा लागतो, आणि मला काय ठाऊक हे भाऊ आहेत! थोरला सकाळीच येऊन आत बसला होता. धाकटा उशिरा आला. कोणीच काही बोललं नाही. असल्या गोष्टीत गाव मोठं शिस्तीचं असतं.

पंजा दाबला गेला. धाकट्यानं डोळे बारीक केले. "परत दाबा म्हनावं," म्हणाला. परत दाबला गेला.

"हा आमचा आन्ना हाय," तो म्हणाला. "लहानपनी विहिरीतून वर वढायचा तवा आसाच धरायचा, आंगठा उलटा करून."

माझ्या अंगावर काटा आला. निलोफरचे डोळे भरले. सर बाजूला उभे होते, त्यांची हाताची घडी सैल झाल्यासारखी वाटली मला. इतक्या वर्षांचं त्यांचं वाक्य त्या दिवशी खरं झालं होतं! मला वाटलं, आता हा उठेल, पलीकडे जाईल, दोघं गळ्यात पडतील. चांगलं काहीतरी आमच्या हातून होईल एकदाचं.

धाकट्यानं स्क्रीनवरचा ग्राफ नीट निरखला. "ही वर गेलेली रेघ म्हंजी आन्नाचा जोर का?"

"हो!" मी उत्साहानं म्हणाले. "बघा ना, केवढा जोर आहे त्यांच्या हातात अजून!"

"लई झ्याक," तो म्हणाला. "ह्याचा कागद काढून द्या. आजारी हाय, हातपाय हालत न्हाईत म्हनून कोर्टात तारखा मागतोय तो!"

कागद दिला नाही. माहिती गुप्त राहील असं लिहून दिलं होतं, ते मोडायचं कसं? पण त्यानं मोबाईलवर फोटो काढलेला, तो आम्हाला कळेपर्यंत वकिलाकडे पोचला होता. थोरला आता रस्त्यात भेटला की माझ्याकडे बघत नाही. मीही ओढणी सावरत दुसरीकडे बघते.

*

आणि शेवटी कमिटी आली.

पुण्याहून तिघं. प्रमुख एक बाई, चष्मा, हातात पेन, चहा नको म्हणाल्या. म्हणजे कडक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गाडेकर सर, ग्राफ मी पुष्कळ बघितलेत. आज एक नवरा-बायको बसवा. बाईला तीनदा हात द्या. कधी नवऱ्याचा, कधी परक्याचा. तिनातले दोन तरी तिनं ओळखले, तर मी म्हणेन ह्याच्यात काहीतरी आहे. नाहीतर खोल्या सोडा." असं तोंडावर सांगितलं, आडपडदा नाही. एका परीनं बरंच झालं.

आमची जोडी ठरलेली होती. जवळच्या वाडीवरची, पाच वेळा सराव केलेली, डोळे झाकून बरोबर सांगणारी. मी फोन केला तर तिकडून, "ताई, भावकीत मयत झाली. सुतक पडलं. आमी कसं येऊ?"

मी दुसरी जोडी शोधायला लागले. निलोफरचं लग्न झालेलं नाही, माझं नाही, प्रशांतचं तर कोणी विषयही काढत नाही. कँटीनवाल्या भाऊंची बायको माहेरी. कमिटीच्या बाई घड्याळ बघत होत्या. तेवढ्यात खिडकीत डबा ठेवल्याचा आवाज झाला.

"ह्या कोण?" बाईंनी विचारलं.

"सरांच्या मिसेस," प्रशांत बोलून गेला.

"मग शोधताय काय? घरातच जोडी आहे की!"

सर म्हणाले, "तिला कशाला? तिला यातलं काही कळत नाही." बाई म्हणाल्या, "कळणारी मला नकोच आहे." सर लाल झाले. पण काय करतील? काकू आत आल्या. पहिल्यांदाच, पूजेचा दिवस सोडला तर. हाताला कणीक होती, ती त्यांनी पदरानं पुसली, पुन्हा पुसली. मी त्यांना पंज्यासमोर बसवलं आणि कानात म्हटलं, "काकू, फक्त एवढंच सांगायचं, हात सरांचा की दुसऱ्याचा." त्यांनी मान हलवली. पंज्याकडे त्या भीत भीत बघत होत्या. मागच्या वेळचं आठवत असणार. मला फार वाईट वाटलं.

आतल्या खोलीत सर, प्रशांत आणि निलोफर. मध्ये हिरवा पडदा. अलीकडे काकू, कमिटी आणि मी. स्क्रीन काकूंना दिसणार नाही असा आमच्याकडे वळवलेला. कोणाची पाळी कधी, ते कॉम्प्युटर सांगणार आणि वेळ झाली की स्वतःच सुरू करणार.

पहिला हात सरांचा होता. ग्राफ सुंदर चढला, थांबला, आणखी थोडा चढला. सरांनी जीव ओतला होता हो! मला नुसत्या रेघेवरून कळत होतं. काकूंनी पंज्याकडे चमकून बघितलं. हात तसाच ठेवला. बराच वेळ ठेवला.

"हा ह्यांचा नाही," काकू म्हणाल्या.

"नक्की?" बाईंनी विचारलं.

"नक्की. हा कुणीतरी मायेनं धरलाय."

पडदा काही भिंत नसतो. पलीकडे सगळं ऐकू जातं. खुर्ची करकरली. बाईंनी चुकीची खूण केली. बाकीचे दोघे एकदम छताचा पंखा बघायला लागले. आणि मी? जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावी, दुसरं काही नाही. हे आम्ही ऐकायला नको होतं. कोणीच ऐकायला नको होतं.

दुसरा प्रशांतचा. रेघ नुसती कापत होती. काकू हसल्या. "हा पोरगा आहे. घाबरलाय बिचारा." बरोबर! तीनपैकी एक झालं. आता सगळं तिसऱ्यावर.

तिसरा पुन्हा सरांचा. कॉम्प्युटरनं टिंग केलं आणि पाळी सुरू झाली. रेघ सपाट. मी वाट बघितली. सपाटच. वायर निघाली की काय म्हणून मी खाली वाकून बघितलं, वायर जागच्या जागी. पडद्याच्या फटीतून निलोफर मला काहीतरी खुणा करत होती आणि मला त्या कळत नव्हत्या.

काकूंचा हात पंज्यावर होता. पंजा जरासुद्धा हलत नव्हता. त्यांनी डोळे मिटले. चेहरा हळूहळू सैल झाला, ओळखीचं कोणी आल्यावर होतो तसा.

"हा," त्या म्हणाल्या. "हा ह्यांचा."

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

"अहो, असाच असतो की! इतक्या वर्षांत मी ओळखणार नाही?"

बाईंनी स्क्रीनकडे बघितलं, सपाट रेघेकडे. मग पडद्याकडे वळून म्हणाल्या, "आत कोण आहे? हात कोणी दिला होता?"

निलोफर पडदा सारून बाहेर आली. "खुर्चीवर कोणी नाही, मॅडम. सर पहिल्या पाळीनंतरच उठून मागच्या दारानं बाहेर गेलेत."

आम्ही सगळे वळलो. सर व्हरांड्याच्या दारात उभे होते. आमच्याच बाजूला. किती वेळ उभे होते कोण जाणे. काकूंनी डोळे उघडले, सरांना तिथे बघितलं, मग पंज्यातल्या आपल्या हाताकडे बघितलं. त्यांनी तो काढून घेतला नाही.

बाईंचं पेन कागदावर थांबलेलं. "गाडेकर सर, तुम्हीच सांगा. हे बरोबर धरायचं की चूक?"

सरांनी हाताची घडी सोडली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "लिहून घ्या."